खजिनाशोधातली उंचीची कोडी : समरूप त्रिकोणांनी उंची कशी काढावी

आमच्या वसाहतीतील दहा-बारा कुटुंबे मिळून गेली काही वर्षे नाशिकमध्ये सुट्टीत खजिनाशोधाचा खेळ खेळतात. चार-चार जणांचे संघ पाडले जातात, प्रत्येक संघाला पहिली चिठ्ठी मिळते, तिच्यातील कोडे सुटले की दुसऱ्या चिठ्ठीचा पत्ता लागतो आणि शेवटी तीन आकडी कुलूप लावलेली पेटी असते. हे कुलूप बहुधा कशाच्या तरी उंचीवर उघडते. ‘घाटाच्या माथ्यावरचा दिव्याचा खांब किती डेसिमीटर उंच आहे?’ एवढाच प्रश्न चिठ्ठीत असतो. खांबावर चढायचे नाही, मोबाइलवरील मोजणीचे ॲप वापरायचे नाही आणि कुणाला विचारून मिळालेली उंची चालणार नाही, हे तीन नियम.

पहिल्या वर्षी आमच्या संघाने मोठ्या आत्मविश्वासाने १४४ हा आकडा लावला. कुलूप १०२ वर उघडले. आमचे सूत्र बरोबर होते, गुणाकार-भागाकारही बरोबर होते. चूक कुठे होती ते कळायला मला घरी येऊन कागदावर आकृती काढावी लागली. त्या चुकीचा उलगडा चौथ्या पायरीत केला आहे. नव्याने खेळात येणाऱ्यांचा असा वेळ वाया जाऊ नये, म्हणून सारे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी अट समजून घ्या, मग सूत्र

दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण समरूपतेचे आहे, त्यामुळे ‘कोको कसोटी’ हा शब्द घरातील एखाद्या विद्यार्थ्याला तरी पाठ असतोच. एका त्रिकोणाचे दोन कोन दुसऱ्या त्रिकोणाच्या दोन कोनांशी एकरूप असतील, तर ते त्रिकोण समरूप असतात आणि त्यांच्या संगत बाजू प्रमाणात असतात. आपल्या कामाचा भाग एवढाच आहे. हातातील काठी, तिची सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचा किरण यांचा एक लहान त्रिकोण होतो. खांब, त्याची सावली आणि त्याच्या टोकावरून येणारा किरण यांचा मोठा त्रिकोण होतो. लहान त्रिकोण आपल्याला पूर्ण मोजता येतो, मोठ्याची जमिनीवरील बाजू मोजता येते, आणि उरलेली उभी बाजू प्रमाणावरून निघते.

मात्र पुस्तकातील उदाहरणात त्रिकोण समरूप आहेत हे दिलेले असते आणि मैदानावर ते तुम्हाला घडवून आणावे लागते. काठी आणि खांब दोन्ही सरळ उभे आहेत का, दोन्ही सावल्या एकाच वेळच्या आहेत का, दोन्ही ठिकाणची जमीन सारखी आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक मोजणीपूर्वी स्वतःला विचारा. कुलूप न उघडण्याचे कारण मी जवळजवळ प्रत्येक वेळी या तिन्हींपैकी एकात सापडलेले पाहिले आहे.

२. बरोबर न्यायचे सामान

– पाच मीटरची लोखंडी टेप. शिंप्याची टेप दीड मीटरचीच असते आणि कापडी असल्यामुळे ताणली जाते, म्हणून ती टाळावी.
– पंधरा-वीस मीटर लांबीची, न ताणली जाणारी सुतळी. दर मीटरला गाठ आणि दर पाचव्या मीटरला रंगीत चिंधी.
– एक किंवा दोन मीटर लांबीची सरळ काठी. लांबी घरी मोजून काठीवरच लिहून ठेवावी.
– ओळंबा. गवंड्याचा मिळाला तर उत्तम. नाही तर दोऱ्याला जड नट बांधला तरी भागते.
– पसरट परात, पाण्याची बाटली आणि थोडासा कोरा चहा. चहाचे कारण पुढे येईल.
– खडू, वही, पेन्सिल, घड्याळ आणि एक चटई.

पाणसळ असेल तर अवश्य घ्यावी, पण तिच्यावाचून अडत नाही.

३. ऊन असेल तर सावली मोजा

सर्वांत सोपी आणि सर्वांत विश्वासू पद्धत हीच आहे. खांबाच्या सावलीचे टोक शोधून तेथे खडूने खूण करा. त्याच क्षणी दुसऱ्याने काठी ओळंब्याला लावून सरळ उभी धरावी आणि तिसऱ्याने तिच्या सावलीच्या टोकावर खूण करावी. खुणा झाल्यावर मोजणी सावकाश केली तरी चालते; घाई खुणांची असते, मोजणीची नसते.

समजा, एक मीटरच्या काठीची सावली ८४ सेंटीमीटर आणि खांबाची सावली ७ मीटर १४ सेंटीमीटर भरली. खांबाची उंची = काठीची उंची × खांबाची सावली ÷ काठीची सावली, म्हणजे १०० × ७१४ ÷ ८४ = ८५० सेंटीमीटर. डेसिमीटरमध्ये ८५.

‘त्याच क्षणी’ या शब्दांवर मी जोर देतो, कारण येथे बहुतेक संघ चुकतात. काठीची सावली मोजायची, मग खांबाच्या सावलीचे टोक नेमके कोणते यावर वाद घालायचा, तेवढ्यात कुणी तरी चहा आणायचा आणि नंतर खांबाची सावली मोजायची, असा क्रम होतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर असताना १० मीटरच्या खांबाची सावली १७.३ मीटर असते. सूर्य २८ अंशांवर उतरला की तीच सावली १८.८ मीटर होते. हिवाळ्यातील दुपारी एवढ्या फरकाला दहा-बारा मिनिटे पुरतात. एक चहा म्हणजे दीड मीटरची चूक.

दुसरी अडचण सावलीच्या कडेची. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. म्हणून उंचावरील टोकाची सावली जमिनीवर रेघेसारखी उमटत नाही, तर गडदपासून फिकटापर्यंत विरत जाते. किरणाला १० मीटर अंतर कापावे लागले तर ही धूसर पट्टी किरणाच्या आडव्या छेदात साधारण ९ सेंटीमीटर रुंद असते आणि तिरप्या उन्हात जमिनीवर त्याहून लांब पसरते. तिचा मध्य धरावा. तो धरणारा माणूस काठीसाठी आणि खांबासाठी एकच असावा, कारण दोन माणसांचे मध्य सारखे नसतात.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्ही येथील सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे ९५ टक्के असते, म्हणजे मोजायला अगदी सोयीची. २१ मार्चच्या आसपास ती जेमतेम ३६ टक्के उरते. २१ मेच्या सुमारास आणि पुन्हा २४ जुलैच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीखालीच जाते आणि मोजायला काही राहत नाही. सावली फार आखूड असेल तर सेंटीमीटरभर चूकही उत्तर बिघडवते. फार लांब असेल तर टोक विरून जाते आणि वाटेत भिंत, गाडी किंवा झुडूप आडवे येते. काठीची सावली काठीच्या लांबीच्या पाऊणपट ते दीडपट असेल ती वेळ उत्तम.

४. घाटाचा उतार आणि पायऱ्या

नाशिकमध्ये खेळ मांडायचा म्हटले की गोदाघाट येतोच आणि गोदाघाटावर सपाट जमीन फार थोडी आहे. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात.

एकसारखा उतार असेल तर घाबरण्याचे कारण नाही. त्याच उतारावर काठी सरळ उभी धरली आणि दोन्ही सावल्या उतारावरूनच मोजल्या, तर त्रिकोण काटकोनी राहत नाहीत, पण समरूप मात्र राहतात : काठी खांबाला समांतर, किरण किरणाला समांतर, जमीन जमिनीला समांतर. म्हणून तेच सूत्र जसेच्या तसे चालते. फक्त काठी उताराला काटकोनात धरण्याचा मोह टाळा. ओळंबा सांगेल तीच दिशा खरी.

पायऱ्या मात्र वेगळ्या आहेत, आणि आमचे १४४ येथेच घडले. खांब घाटाच्या माथ्यावर होता आणि त्याची सावली नदीच्या दिशेने पायऱ्या-पायऱ्यांवरून खाली उतरली होती. आम्ही सुतळी सावलीवर अंथरली : पायरीच्या सपाटीवरून पुढे, कडेवरून खाली, पुन्हा सपाटीवरून पुढे. ती १० मीटर ८० सेंटीमीटर भरली. एक मीटरच्या काठीची वरच्या सपाट फरशीवरील सावली ७५ सेंटीमीटर होती, म्हणून १०.८ ÷ ०.७५ = १४.४ मीटर असे उत्तर आले. आम्ही आडवे अंतर आणि उभी उतरण यांची एकत्र बेरीज केली होती आणि तिला ‘सावली’ म्हणत होतो.

खरी रीत अशी. आडवे अंतर वेगळे मोजा, म्हणजे प्रत्येक पायरीची फक्त सपाट रुंदी आणि मधल्या टप्प्यांची लांबी यांची बेरीज. ती ९ मीटर होती. पायऱ्यांची उतरण वेगळी मोजा. प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या १२ पायऱ्या, म्हणजे १.८ मीटर. आता ९ ÷ ०.७५ = १२ मीटर ही उंची सावलीच्या टोकाच्या पातळीपासून खांबाच्या टोकापर्यंतची झाली. खांबाचा पायथा त्या पातळीच्या १.८ मीटर वर आहे, म्हणून खांब १२ − १.८ = १०.२ मीटर. पेटी १०२ वर उघडली ती अशी.

येथेच एक सूचना. घाटावर पाण्यालगतच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. सुतळीचे टोक धरून मागे-मागे चालत जाऊ नये. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना घाटावर खेळ मांडूच नये.

५. देवळाचे शिखर

शिखराची उंची हे आवडते कोडे आहे आणि त्यात एक छुपा खड्डा आहे. खांबाचा पायथा सावलीच्या सुरुवातीला असतो. शिखराच्या टोकाचा पायथा मात्र देवळाच्या पोटात, गाभाऱ्याच्या मध्याखाली असतो. सावली भिंतीपासून मोजली तर मोठ्या त्रिकोणाची पायाची बाजू अर्ध्या देवळाइतकी कमी पडते. थेल्सने सावलीवरून पिरॅमिडची उंची काढल्याचे प्राचीन ग्रीक लेखक सांगतात. तेथेही पायाची अर्धी रुंदी मिळवल्याशिवाय उत्तर येत नाही.

लहान देवळाचे उदाहरण घ्या. पाया चौरस, बाजू ४.८ मीटर, शिखर बरोबर मध्यावर. भिंतीपासून सावलीच्या टोकापर्यंत ५.२ मीटर. काठी १ मीटर, तिची सावली ८० सेंटीमीटर. पायाची अर्धी बाजू २.४ मिळवून एकूण ७.६ मीटर, आणि उंची ७.६ ÷ ०.८ = ९.५ मीटर. अर्धी बाजू विसरलात तर ६.५ मीटर येईल, म्हणजे तीन मीटरची चूक.

ही बेरीज सावली भिंतीला काटकोनात पडते तेव्हाच चालते. पूर्वाभिमुख देवळाच्या बाबतीत तो योग मध्यान्ही येतो, कारण तेव्हा सावली थेट उत्तरेकडे पडते. २१ मे ते २४ जुलै या काळापुरती दक्षिणेकडे. घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे, हे लक्षात असू द्या. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाप्रमाणे चालतात आणि नाशिक ७३.८ अंशांच्या आसपास आहे, म्हणून येथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या आगेमागे : नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारानंतर लगेच, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजून गेल्यावर.

काळाराम मंदिरासारख्या मोठ्या देवळांत सावली सभामंडपावर आणि प्राकारावर तुटून पडते, तेथे या पद्धतीच्या नादी लागू नये. नववी पायरी वापरावी. आणि कोणत्याही देवळात काठ्या-सुतळ्या घेऊन जाण्यापूर्वी तेथील पुजाऱ्यांना किंवा व्यवस्थापकांना विचारावे. खेळ आपला असतो, जागा आपली नसते.

६. ऊन नसेल तर परातीतले पाणी

ढगाळ दिवशी किंवा सावली भिंतीवर चढत असेल तेव्हा प्रतिबिंबाची पद्धत उपयोगी पडते. खांब आणि तुम्ही यांच्या मध्ये, सरळ रेषेत, जमिनीवर परात ठेवा, तिच्यात बोटभर पाणी घाला आणि पाण्याच्या मध्यावर खांबाचे टोक दिसेपर्यंत मागे-पुढे सरका. किरण जेवढ्या कोनात पाण्यावर येतो तेवढ्याच कोनात परत जातो, म्हणून खांबाचा त्रिकोण आणि तुमच्या डोळ्याचा त्रिकोण समरूप होतात. परात खांबापासून ९.६ मीटरवर, तुमच्या पावलांपासून १.६ मीटरवर आणि डोळ्याची उंची १.५ मीटर असेल, तर खांबाची उंची १.५ × ९.६ ÷ १.६ = ९ मीटर.

डोळ्याची उंची, शरीराची नव्हे. डोळे डोक्याच्या टोकापेक्षा दहा-बारा सेंटीमीटर खाली असतात. वरील उदाहरणात १.५ ऐवजी १.६ धरले तर खांब ९.६ मीटर होतो.

अनेक जण आरसा आणतात. मी पाण्याचा आग्रह धरतो, कारण पाणी आपोआप आडवे होते. आरसा एका अंशाने कलला तर परतणारा किरण दोन अंशांनी वळतो आणि वरच्या खांबाची उंची अर्ध्या मीटरहून अधिक चुकते. फरशीवर एका अंशाचा कल डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. स्टीलच्या परातीची मात्र एक अडचण आहे : तिचा चकचकीत तळ पाण्याच्या प्रतिबिंबात मिसळतो आणि खांबाची दोन टोके दिसू लागतात. पाण्यात कोरा चहा ओतला की तळ लपतो आणि वरच्या पृष्ठभागावरचे एकच प्रतिबिंब उरते. गेल्या हिवाळ्यात अशाच परातीत एका खांबाचे टोक शोधताना मला आधी नुसती काळी रेघ दिसत होती. मग त्या रेघेच्या शेंड्यावर बसलेल्या साळुंकीने मान वळवली, तिची पिवळी चोच चहात चमकली आणि टोक कोणते याची शंकाच उरली नाही.

वारा असेल तर दोघांनी पिशव्या धरून आडोसा करावा. वाहत्या नदीचे पाणी या कामाला चालत नाही.

७. वेळ थोडा असेल तर हातातली काठी

नाशिककर गोदावरीचा पूर फुटांत सांगत नाहीत. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले असे सांगतात. माहीत असलेल्या एका उंचीने दुसरी उंची मोजण्याची ही रीत खेळातही चालते. संघातील एकाला खांबाला टेकून उभे करा. वीस-पंचवीस पावले मागे जा, हात ताठ करून पेन्सिल उभी धरा आणि तिच्यावर अंगठ्याने त्या व्यक्तीची दिसणारी उंची पकडा. ती उंची खांबावर किती वेळा रचता येते ते मोजा. दीड मीटरचा मुलगा सहा वेळा बसला तर खांब ९ मीटर.

याहून थोडी नेमकी पद्धत अशी. डोळ्यापासून समोर ताठ धरलेल्या मुठीपर्यंतचे अंतर मोजा. ते ६० सेंटीमीटर असेल तर काठी मुठीवर बरोबर ६० सेंटीमीटर राहील अशी, मूठ डोळ्याच्या पातळीवर ठेवून उभी धरा. आता जमीन सपाट आणि डोळा खांबाच्या पायथ्याच्या पातळीवर असेल, तर मुठीशी पायथा आणि काठीच्या टोकाशी खांबाचे टोक जुळेल तेथे तुमचे खांबापासूनचे अंतर हीच खांबाची उंची. उभे राहून पाहत असाल तर मूठ पायथ्याशी नव्हे, खांबावरील तुमच्या डोळ्याइतक्या उंचीच्या खुणेशी जुळवा आणि उत्तरात डोळ्याची उंची मिळवा. ही मिळवणी विसरणे हा येथील नेहमीचा घोटाळा आहे.

या दोन्ही रीतींनी आलेला आकडा कुलपाला लावू नये. दुसऱ्या पद्धतीचे उत्तर साधारण बरोबर आहे की नाही, हे पडताळण्यासाठी तो जपून ठेवावा.

८. रात्रीचा खेळ : दिव्याखालची सावली

रस्त्यावरच्या दिव्याची उंची त्याच्याच प्रकाशात काढायची असेल तर तिसऱ्या पायरीचे सूत्र वापरू नका. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर मानता येतात. दिवा जवळ आहे आणि त्याचे किरण पसरतात. काठी दिव्याच्या जवळ नेली की सावली आखूड होते, दूर नेली की लांबते. येथे दोन्ही त्रिकोण सावलीच्या टोकाशी एकत्र येतात, आणि मोठ्या त्रिकोणाची पायाची बाजू म्हणजे काठीचे दिव्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासूनचे अंतर अधिक सावली.

एक मीटरची काठी त्या बिंदूपासून ४.२ मीटरवर उभी केली आणि सावली ७० सेंटीमीटर पडली, तर उंची = १ × (४.२ + ०.७) ÷ ०.७ = ७ मीटर. खांबाची मान पुढे वाकलेली असते, म्हणून अंतर खांबाच्या बुंध्यापासून नव्हे, दिव्याच्या खालच्या बिंदूपासून धरावे. त्या एका दिव्याचीच सावली मोजत आहात याचीही खात्री करा. शेजारच्या दिव्याची दुसरी, फिकट सावली हमखास पडलेली असते.

९. पायथ्याशी जाता येत नसेल तर दोन जागांवरून पाहा

कुंपणाआडची टाकी, पलीकडच्या काठावरचे शिखर, प्राकाराच्या भिंतीमागचा कळस अशी ही कोडी. हा प्रश्न फार जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये दोन शंकूंच्या (सावली मोजण्यासाठी उभ्या केलेल्या खुंट्यांच्या) सावल्यांवरून दिव्याची उंची काढण्याचा नियम दिला. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (इ. स. ११५०) छायाव्यवहार या प्रकरणात त्याचे उदाहरण आहे : बारा अंगुळे उंचीच्या शंकूची सावली आठ अंगुळे पडते, तोच शंकू दोन हात, म्हणजे ४८ अंगुळे, दूर नेला की सावली बारा अंगुळे पडते, तर दिवा किती उंच? सावल्यांच्या टोकांमधील अंतर ४८ + १२ − ८ = ५२ अंगुळे, सावल्यांमधील फरक ४, आणि उंची १२ × ५२ ÷ ४ = १५६ अंगुळे, म्हणजे साडेसहा हात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख नाशिकहून रेल्वेने गाठता येणाऱ्या चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, त्यामुळे हे गणित आपल्या भागाचे आहे असे मला नेहमी वाटते.

खेळात दिव्याच्या किरणाऐवजी आपली नजर असते. एकाने चटईवर पालथे पडून डोळा जमिनीलगत आणावा. दुसऱ्याने एक मीटरची काठी त्याच्यासमोर उभी धरून काठीचे टोक आणि कळसाचे टोक एका रेषेत येईपर्यंत पुढे-मागे करावी. डोळा ते काठी हे अंतर मोजा, समजा १.२ मीटर. मग कळसापासून सरळ मागे ६ मीटर सरकून तेच पुन्हा करा. समजा आता १.६ मीटर. उंची = काठी × डोळ्याच्या दोन जागांमधील अंतर ÷ दोन मापांतील फरक = १ × ६ ÷ ०.४ = १५ मीटर.

पालथे पडूनही डोळा जमिनीपासून थोडा वर राहतो. काठीवर तेवढ्या उंचीला दोरा बांधावा, दोऱ्याच्या वर राहणारी लांबी हीच काठीची उंची धरावी आणि शेवटी दोऱ्याखालचा भाग उत्तरात मिळवावा.

ही पद्धत नाजूक आहे, कारण भागाकार फरकाने होतो. वरील ०.४ मध्ये दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे झाले तर उत्तर १४.३ पासून १५.८ पर्यंत कुठेही जाते. उपाय एकच : जास्त मागे जा. सहाऐवजी अठरा मीटर मागे गेलात तर दुसरे माप २.४ मीटर येईल, फरक १.२ होईल, आणि तेवढीच दोन सेंटीमीटरची चूक उत्तराला १४.७५ ते १५.२५ यांच्या पलीकडे जाऊ देणार नाही. जागा थोडी असेल तर प्रत्येक माप तीन वेळा घेऊन मधले धरा. दोन्ही जागा एकाच पातळीवर आणि कळसाशी एका सरळ रेषेत असल्याच पाहिजेत. बाजूला सरकून ‘मागे गेलो’ असे समजणे चालत नाही.

१०. आकडा लावण्यापूर्वी

तीन आकडी कुलूप १० मीटरच्या खांबासाठी एका टक्क्याची अचूकता मागते. तिसऱ्या पायरीतील ८४ सेंटीमीटरची सावली चुकून ८३ वाचली, तर ८५ ऐवजी ८६ येतात आणि पेटी बंद राहते. म्हणून शक्य तेथे दोन मीटरची काठी वापरावी. तेवढ्याच हलगर्जीपणाची चूक निम्मी होते. मधल्या पायऱ्यांत आकडे पूर्ण करू नका, सर्वांत शेवटी एकदाच करा. टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटीमीटर असतात, तेव्हा वाचणाऱ्याने आकड्याबरोबर एककही मोठ्याने म्हणावे आणि लिहिणाऱ्याने ते लिहावे. चिठ्ठीत फूट मागितले असतील तर सगळे गणित सेंटीमीटरमध्ये करून शेवटी ३०.४८ ने भागावे.

एवढे करूनही कुलूप उघडले नाही, तर गणित पुन्हा करत बसू नका; मोजणीच्या जागी परत जा. प्रथम ओळंबा लावून काठी पाहा आणि खांबही पाहा, कारण जुने खांब स्वतःच कललेले असतात. मग दोन्ही सावल्या नव्याने, एकाच क्षणी, खडूने टिपा. मग पायथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंत चालत जाऊन वाटेत पायरी, कट्टा किंवा ओटा कुठे लागतो ते पायांनी तपासा. शेवटी चिठ्ठी पुन्हा वाचा : उंची जमिनीपासून मागितली आहे की चौथऱ्यापासून, एवढ्या एका शब्दावर दोन वर्षांपूर्वी तीन संघ तासभर अडकले होते.